एकाहत्तर नंबरची थैली

चाकणच्या एमआयडीसीत मोटारींच्या दारांना लागणारी रबरी पट्टी बनवणारी एक कंपनी आहे. तिथे दोन पाळ्यांत मिळून दीडशे बायका कामाला आहेत आणि त्यातल्या एकीलाही अंगावर धातू घालून आत जाता येत नाही. रबर दाबणारे रोलर फिरत असतात. त्यात साखळी अडकली तर साखळीबरोबर मानही जाईल, हे सेफ्टीचे साहेब पहिल्याच दिवशी चित्र दाखवून सांगतात. नियम करायला काही लागत नाही. पण दीडशे बायकांनी रोज गळ्यातलं काढून ठेवायचं कुठे, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं तेव्हा त्यांनी सुमन गरडला बोलावलं.

सुमन मूळची केजकडची, बीड जिल्ह्यातली. लग्न होऊन इकडे आली तेव्हा पुनावळ्यात उसाची शेतं होती. पुढे शेतांचे टॉवर झाले, पण गरडांच्या दोन खोल्या जुन्याच तीन मजली इमारतीत राहिल्या. घरात चार माणसं: नवरा उद्धवराव, जे भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करायचे, सासू सावित्रीबाई, कॅब चालवणारा मुलगा बंटी आणि ती. कंपनीची बस तिला संध्याकाळी हायवेच्या पुलाखाली सोडायची. पहिली पाळी करून आलेले उद्धवराव तिथे मोटारसायकल घेऊन उभे असायचे. घरापाशी आले की ती आधी जिना चढायची आणि ते खाली गाडी लावायला जागा शोधत बसायचे. जागा मिळाल्यावर वर येऊन रोज तीच तक्रार करायचे. सुमनला ती तोंडपाठ होती.

कंपनीत ती आधी पट्ट्या तपासायला होती. हाताला स्वच्छ आणि बोलायला कमी, म्हणून दागिन्यांची खिडकी तिच्याकडे आली. खिडकी म्हणजे बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून असलेली अरुंद जागा. आत लोखंडी कपाट, त्यात एकशे साठ हुक, प्रत्येक हुकाला नंबर शिवलेली खाकी कापडाची छोटी थैली. बाई आली की सुमन हात पुढे करायची. मंगळसूत्र, कानातलं, अंगठी, जे असेल ते गुलाबी कागदात गुंडाळायचं, थैलीत घालायचं, नाडी ओढायची, रजिस्टरात नंबर आणि वेळ लिहायची. सकाळी साडेसहाच्या पाळीला अर्ध्या तासात सत्तर-पंचाहत्तर बायका. दुपारी तीनला त्यांचं परत द्यायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या पाळीचं आत घ्यायचं, तेव्हा मान वर करायला फुरसत नसायची. दुसरी पाळी सुटताना परत द्यायचं काम गेटवरची गार्ड बाई बघायची, सुमनने शिकवलं होतं अगदी तसंच.

गुलाबी कागद ती चिंचवड गावठाणातल्या एका सोनाराकडून गठ्ठ्याने आणायची. कंपनी टिश्यू पेपर देत होती, तो तिने नाकारला. टिश्यूचे धागे वाटीच्या नक्षीत अडकतात, म्हणाली. खरेदीवाल्यांनी तिला समजावून पाहिलं आणि नाद सोडला.

नऊ वर्षांत एवढं सोनं-चांदी हातांखालून गेलं की एखाद्या सराफाच्याही जाणार नाही. लग्नसराई आली की पोरी मोबाइलवर फोटो घेऊन खिडकीशी यायच्या, ताई, हे घेऊ की ते घेऊ. सुमन डिझाइनकडे बघायचीच नाही. "मागून फोटो काढलाय का?" असं विचारायची. साखळी झिजते मानेमागे, हुकाजवळ, आणि दुकानात दाखवतात पुढून. पोकळ साखळी जड दिसते म्हणून हुरळून जायचं नाही, एकदा चेपली की सरळ होत नाही. लाख भरलेल्या वाट्या असतील तर गरम पाणी लावायचं नाही, लाख पाघळते. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, मग मलमलीने टिपायचं, घासायचं नाही. सेंट आधी मारायचा, दागिना नंतर घालायचा. सोनं आणि चांदी एका डबीत ठेवायची नाही आणि चांदीच्या डबीत खडूचा एक तुकडा टाकायचा. हे सगळं ती एका सुरात सांगायची आणि सांगताना तिचे हात पुढच्या बाईचं गुंडाळत असायचे.

खरं-खोटं तिला हातात घेताच कळायचं. निम्म्या थैल्यांत एक ग्रॅमचं सोनं होतं. कुणाचं खरं केव्हा गेलं आणि त्याजागी केव्हा पितळ आलं, हे घरच्या माणसांआधी तिला माहीत असायचं. पण कागद सगळ्यांना तोच, घडी तीच, आणि तोंडातून शब्द नाही. बायका तिच्याशी बिनधास्त होत्या त्या यामुळे.

चांदीची कथा वेगळी. रबरात गंधक असतं. बुटांच्या आत झाकलेली म्हणून नियमातून सुटलेली जोडवी-पैंजणं त्या वासानेच आठ दिवसांत काळी पडायची, आणि आपल्याकडे चांदी काळी पडली की दोष बाईच्या अंगाला. हिच्या अंगात उष्णता आहे, हिला काहीतरी झालंय. एका पोरीच्या सासूने तिला सहा महिने सब्जाचं पाणी पाजलं. सुमनने शेवटी जोडव्यांचा कोरा जोड आणून रोलरशेजारच्या खिळ्याला टांगला. आठवड्याने तो काळाठिक्कर. मग ज्या पोरीला घरी ऐकून घ्यावं लागायचं, तिच्याबरोबर ती तो जोड घरी दाखवायला पाठवायची. "खिळ्याला कसली उष्णता, एवढंच विचार," म्हणायची. तो जोड पुष्कळ घरं फिरून आला.

तिचा स्वतःचा एक नियम होता, जो कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. थैली हातात द्यायची नाही. कानातलं, अंगठी ठीक आहे, पण गळ्यातलं गळ्यातच जायला हवं. खिडकीवर आली त्या पहिल्याच वर्षी दिपाली नावाची एक मुलगी बसच्या घाईत थैली हातात घेऊन पळाली, डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी पोचली तर थैली नव्हती. दुसऱ्या दिवशी दिपाली सुजलेला ओठ घेऊन कामावर आली. आठवड्याने आलीच नाही. तेव्हापासून बाईने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं, समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघायचं, सुमन मागून गळ्यात घालणार, हुक लावणार, दोनदा ओढून बघणार आणि मग 'परत'च्या रकान्यात सही घेणार. प्लांट हेडची बायको एकदा आत बघायला आली होती. परत जाताना तीही गुपचूप पाठ करून उभी राहिली.

सुमनला स्वतःला खिडकीवर काही काढावं लागत नव्हतं. ती रोलरपर्यंत जातच नव्हती. नऊ वर्षं दुसऱ्यांची मंगळसूत्रं काढता-घालताना तिचं तिच्या गळ्यात होतं, दोन वाट्या आणि काळे मणी, मणी कधी वाढले की तीच सुईदोरा घेऊन गाठवायची.

गेल्या सप्टेंबरात एका गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. खिडकीसमोर दोन्ही पाळ्यांची गर्दी होती. बंटीचा आवाज. उद्धवरावांची गुरुवारची सुट्टी. जेवून पडले होते, छातीत कळ आली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "आई, पप्पा गेले," बंटी म्हणाला.

"बरं," सुमन म्हणाली आणि फोन ठेवला.

खिडकीसमोर अजून बावीस बायका होत्या. तिने बावीस जणींचं केलं. एकीचा कागद फाटला होता तो बदलला. एकीने विचारलं, ताई, मोत्याची नथ धुतली तर चालेल का, तिला नको म्हणून सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. हात नेहमीसारखे चालत होते. शेवटची बाई आत गेल्यावर सुमनने मानेमागे हात नेले, स्वतःचं मंगळसूत्र काढलं आणि गुलाबी कागदात गुंडाळलं. एकाहत्तर नंबर रिकामा होता, ती बाई नोकरी सोडून नगरला गेली होती. त्या थैलीत घातलं, नाडी ओढली, रजिस्टरात लिहिलं: ७१, सुमन उद्धव गरड, मंगळसूत्र एक, ३.२५. कपाटाला कुलूप लावून किल्ली गार्ड बाईकडे दिली. "घरी जाऊन येते," म्हणाली.

का काढलं, ते तिला सांगता आलं नसतं. नवरा गेला म्हणून काढलं नाही, एवढं नक्की. ते तोवर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिच्या हातांना एकच काम ठाऊक होतं, आत जाताना काढायचं आणि सुटताना घालायचं. त्या दिवशी ती सुटलीच नाही.

घरी बायका जमल्या होत्या. रिवाजाप्रमाणे मोठी जाऊ पुढे झाली आणि तिने सुमनच्या गळ्याला हात घातला. गळा मोकळा होता. "आधीच काढून ठिवलं की बाईनं," मागून कुणीतरी म्हणालं. जावेने मग जोडवी काढली. सुमनने पाय पुढे केले, एक झाला की दुसरा. तिला रडू आलं नाही. गावाकडची माणसं म्हणाली धक्का बसलाय. पाचव्या-सहाव्या दिवशी म्हणाली, बाई दगडाची आहे. दोन्ही तिच्या कानांवर आलं आणि दोन्हीचं तिला काही वाटलं नाही. भाजीत मीठ कमी-जास्त झालेलंही तिला कळत नव्हतं. बंटीने सांगितलं की ती दुरुस्त करायची.

चौदाव्या दिवशी ती खिडकीवर हजर झाली. आणि बायकांची पंचाईत झाली. मोकळ्या गळ्याची बाई, तिच्या हातात आपलं मंगळसूत्र द्यायचं कसं? तोंडावर कोण बोलणार. स्वप्नाली म्हणून नवीन लग्न झालेली एक मुलगी होती, तिने दारातच मंगळसूत्रावरून गळ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "ताई, मी टेप लावते, तुम्हाला त्रास नको." दुसऱ्या दिवशी अशा अकरा जणी झाल्या. सुमनला कारण कळलं. वाईट वाटायला हवं होतं, तेही कळलं. पण ते कुठे दूर शेजारच्या घरात भांडी पडावीत तसं ऐकू आलं आणि थांबलं. सेफ्टीच्या साहेबांनी चिकटपट्टीवाल्यांना तिसऱ्या दिवशी दारातूनच परत फिरवलं, तेव्हा एकेक जण मुकाट्याने खिडकीशी आली. स्वप्नाली सगळ्यांत शेवटी आली आणि सुटताना पाठ करून उभी राहिली तेव्हा आरशात बघत नव्हती. सुमनने हुक लावला, दोनदा ओढून पाहिला, सही घेतली.

एकाहत्तर नंबर तसाच होता. रजिस्टरात 'परत'चा रकाना कोरा.

घरी सावित्रीबाई दर दोन-चार दिवसांनी विचारायची. म्हातारी अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा गेल्यापासून जास्तच वाकली होती. "सुमन, ते कुठंय?"

"कंपनीत आहे, आत्याबाई."

"आणणार कवा?"

"आणते."

मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली एक माहेरची असते, एक सासरची. सासरची वाटी सावित्रीबाईने केजच्या सोनाराकडे समोर बसून घडवून घेतली होती. वाटीच्या आतल्या अंगाला बोटाला लागेल अशी एक बारीक खूण करून घेतली होती, म्हणजे बदलली तर कळेल. आता डोळ्यांनी एवढं बारीक दिसत नव्हतं, पण अंगठ्याने ती खूण चाचपायची होती. "मला मोडायची नाय, इकायची नाय," ती म्हणायची. "उद्धवच्या लग्नातली हाय. एकदा हातात दे." मधल्या काळात मोठ्या जावेने फोनवरून ठरवून टाकलं की सुमनने ते विकून खाल्लं असणार, नाहीतर आठ महिने कंपनीत कशाला राहील. म्हातारीने तसं काही म्हटलं नाही. पण आता विचारताना ती सुमनकडे न बघता भिंतीकडे बघून विचारायची.

सुमन रोज ठरवायची, आज नेऊ. तीनची गर्दी ओसरली की हात एकाहत्तरकडे जायचा आणि मागे यायचा. थैली हातात द्यायची नाही. आणि गळ्यात घालायचं तर कुणाच्या नावाने? कुलूप लावून ती बसमध्ये बसायची. पुलाखाली उतरली की मोटारसायकल जिथे उभी असायची तिथे दोन मिनिटं थांबायची, मग चालत निघायची. थांबते हे तिला माहीत होतं. का थांबते याचा विचार ती करत नव्हती.

मे महिन्यात कंपनीत मोठ्या ग्राहकाचं ऑडिट झालं. पाहुण्यांनी खिडकी बघितली, कपाट बघितलं आणि लिहून गेले की हे चालणार नाही. प्रत्येकीला नंबरचं कुलूप असलेलं स्वतःचं लॉकर हवं. लॉकर आले, निळे, चकचकीत. शनिवारी खिडकी बंद करायची, सगळ्यांचं सगळं परत द्यायचं, रजिस्टर जमा करायचं. ज्या थैल्या उरतील त्या सील करून मुंबईच्या मुख्य ऑफिसला जातील. सुमनला सोमवारपासून कँटीनच्या स्टोअरला टाकलं होतं. हे सांगायला एचआरची मैत्री ओव्हाळ आली होती. पिंपरीची मुलगी, वडील आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले, त्यामुळे कामगारांशी बोलताना ती खुर्चीवर बसत नसे.

शनिवारी पहिली पाळी सुटली. सुमनने एकेकीला पाठ करून उभं केलं, हुक लावला, सही घेतली. दुसऱ्या पाळीच्या बायका आज थेट लॉकरकडे गेल्या, खिडकीकडे कुणी आलंच नाही. कपाटात रिकाम्या थैल्या लोंबत होत्या आणि एक भरलेली. मैत्री रजिस्टर घेऊन पानं उलटत होती. सप्टेंबरच्या एका पानावर तिचं बोट थांबलं. तिने नाव वाचलं, तारीख वाचली, वेळ वाचली. तारीख तिच्या लक्षात होती, कंपनीच्या ग्रुपवर निधनाचा मेसेज तिनेच टाकला होता.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हे तुमचं आहे."

"हो."

"मग घेऊन जा ना. पर्समध्ये टाका. मी सही लिहून घेते, कोण बघतंय?"

"हातात देत नाही आपण," सुमन म्हणाली.

मैत्रीला आधी वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. मग तिने सुमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. "नाही नेलं तर मुंबईला जाईल," ती म्हणाली. "तिथून परत मिळवायला किती अर्ज करावे लागतील, मलाही माहीत नाही."

सुमन थैलीकडे बघत राहिली. भिंतीकडे बघून बोलणारी म्हातारी तिला आठवली. मग तिने हुकावरून थैली काढली, नाडी सोडली, कागद उलगडला. आठ महिने कागदात राहूनही वाट्या तशाच होत्या; नीट गुंडाळलेलं सोनं कुठे काय होतं. ती खिडकीच्या बाहेर आली, बायका उभ्या राहतात त्या जागेवर उभी राहिली आणि आरशाकडे तोंड केलं. मागे मैत्री होती, पण हुक लावणारं कोणी नव्हतं. तिने स्वतः हात मागे नेले. हजारो हुक लावलेली बोटं, पण स्वतःच्या मानेमागे त्यांना कडी सापडेना. दोनदा निसटली.

दारात स्वप्नाली उभी होती. बस थांबवून ठेवली होती आणि सुमनताई अजून का आली नाही हे बघायला तिला पाठवलं होतं. तिने हे सगळं पाहिलं. ती पुढे आली, सुमनच्या हातांतून दोन्ही टोकं घेतली, कडी लावली. सुमन करायची तसंच दोनदा ओढून पाहिलं.

सुमनने रजिस्टर ओढून घेतलं आणि 'परत'च्या रकान्यात सही केली. आरशात तिला नऊ वर्षांच्या सवयीची बाई दिसली. तिला त्या बाईबद्दल काही वाटलं नाही.

बसमध्ये तीसेक जणींनी तिचा गळा पाहिला आणि प्रत्येक जण खिडकीबाहेर बघू लागली. चाकण चौकात नेहमीसारखा ट्रकांचा खोळंबा होता. मणी उन्हात तापून मानेला लागत होते. आठ महिन्यांत मान हलकेपणाला सरावली होती, आता ते दोन वाट्यांचं वजन तिला प्रत्येक खड्ड्याला कळत होतं. पुलाखाली ती उतरली. मोटारसायकलच्या जागी आज थांबली नाही, पदर गळ्याशी ओढून तशीच भराभर चालत निघाली. वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये एवढंच तिच्या मनात होतं.

तिसरा मजला चढून तिने दार वाजवलं. चढताना पदर सुटला होता.

दार सावित्रीबाईने उघडलं. जिन्यातल्या उजेडात तिने सुनेकडे पाहिलं, आधी तोंडाकडे, मग गळ्याकडे. वाट्यांची चमक तेवढी तिला दिसली. मग तिची नजर सुमनच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे गेली आणि तिथेच राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या.

"उद्धव गाडी लावायलाय का खाली?" तिने विचारलं.

सुमनने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. जिना रिकामा होता.

उद्धवराव गेल्याचं तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना बंटीने सांगितलं, गावाला जावेने कळवलं, कंपनीत मैत्रीने मेसेज टाकला. तिच्यावर सांगायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "ते गेले."

म्हातारीचा हात चौकटीवर घट्ट झाला. तिची नजर जिन्यावरून हळूहळू परत आली. "व्हय," ती म्हणाली. "गेला की. गेलाच की माझा उद्धव." आणि सुमनला रडू फुटलं, उंबऱ्यातच, चपला पायात असताना, डब्याची पिशवी खांद्यावर असताना. दुःख झालं, आठ महिन्यांचं सगळं एकदम झालं. त्या गुरुवारी 'बरं' म्हटल्याची लाज वाटली. बावीस जणींचं आधी करून मग निघाल्याची लाज वाटली. तो माणूस पुन्हा पुलाखाली उभा राहणार नाही, हे तिला कळलं. सावित्रीबाईने तिला दंडाला धरून आत घेतलं, पलंगावर बसवलं आणि शेजारी बसून तीही रडली. दोघी कितीतरी वेळ तशाच बसल्या. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कुणीतरी गाडी लावण्यावरून भांडलं.

मग म्हातारीने डोळे पुसले आणि वाटीला हात लावला. अंगठा आतल्या बाजूने फिरवला. खूण होती.

"हीच हाय," ती म्हणाली. थोडा वेळ ती वाटी तशीच धरून राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडं पाठ कर."

सुमन वळून बसली आणि तिने मानेवरचे केस बाजूला घेतले. सावित्रीबाईची बोटं सांध्यांत वाकलेली होती, डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं आणि स्वप्नालीने कडी घट्ट लावली होती. ती सोडवायला खूप वेळ लागत होता. सुमनने मान खाली घालून धरली आणि मदत केली नाही.